अमेरिकेत जन्मलेलं बाळ अमेरिकन की नाही? हे ठरवायचा अधिकार नेमका कुणाचा?

समजा, पुण्याचं एक जोडपं न्यू जर्सीत राहतंय. नवरा एच-१बी व्हिसावर सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, बायको एच-४ वर. सात-आठ वर्षं झाली, टॅक्स वेळेवर भरतायत, ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत आहे. आता घरात पाळणा हलणार आहे.

आजवर अशा घरात नाव काय ठेवायचं यावरून वाद व्हायचे, बाळाच्या नागरिकत्वावरून नाही. बाळ अमेरिकेत जन्मलं की ते अमेरिकन. जन्मदाखला घ्यायचा, तो दाखवून पासपोर्ट काढायचा, विषय संपला.

२० जानेवारी २०२५ ला हा संपलेला विषय पुन्हा सुरू झाला. डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी एका कार्यकारी आदेशावर सही केली. आदेशाचा क्रमांक १४१६०. त्यावरून सुरू झालेली कोर्टातली लढाई आता शेवटच्या पायरीवर आली आहे. ५ डिसेंबर २०२५ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे प्रकरण सुनावणीसाठी घेतलं. निकाल २०२६ च्या उन्हाळ्यापर्यंत अपेक्षित आहे.

सोशल मीडियावर या विषयावरची भांडणं बहुतेक एकाच मुद्द्यावर होतात. घुसखोरांच्या मुलांना नागरिकत्व द्यावं की देऊ नये? पण कोर्टासमोर आणखी एक प्रश्न आहे आणि तो जास्त मोठा आहे. नियम बदलायचाच असेल, तर तो बदलणार कोण? एकटे राष्ट्राध्यक्ष, आपल्या सहीने?

आदेशात नेमकं आहे काय?

आदेश म्हणतो की दोन प्रकारच्या मुलांना जन्माने अमेरिकन नागरिक मानू नये.

पहिला प्रकार, आई अमेरिकेत बेकायदा राहतेय आणि वडील ना अमेरिकन नागरिक आहेत, ना ग्रीन कार्डधारक.

दुसरा प्रकार, आई अमेरिकेत कायदेशीर राहतेय, पण तात्पुरत्या व्हिसावर. म्हणजे शिक्षणाचा, नोकरीचा किंवा पर्यटनाचा व्हिसा. आणि वडील ना नागरिक आहेत, ना ग्रीन कार्डधारक.

आपल्या पुणेकर जोडप्याचं बाळ या दुसऱ्या प्रकारात येतं. बातम्यांमध्ये 'बेकायदा स्थलांतरित' हाच शब्द ऐकल्यामुळे अनेकांना वाटतं, आपल्या लोकांचा यात काय संबंध? संबंध आहे. दरवर्षी मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी ७० टक्क्यांहून जास्त अर्ज भारतात जन्मलेल्यांचे असतात. आणि नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी साधारण ७ टक्क्यांहून जास्त एका देशाच्या लोकांना देत नाहीत. त्यामुळे भारतीयांची रांग अनेक वर्षांची आहे. कागदोपत्री 'तात्पुरते' असलेले हे लोक प्रत्यक्षात दहा-पंधरा वर्षं तिथेच राहतात, घर घेतात, मुलं वाढवतात.

मायग्रेशन पॉलिसी इन्स्टिट्यूट आणि पेन स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे हा आदेश लागू झाला, तर दरवर्षी सरासरी २ लाख ५५ हजार मुलं नागरिकत्वाविना जन्माला येतील.

मुळात हा हक्क आला कुठून?

यासाठी १८५७ मध्ये जावं लागेल. ड्रेड स्कॉट नावाचा एक गुलाम होता. मालकाने त्याला गुलामगिरी नसलेल्या प्रदेशात नेऊन ठेवलं होतं, म्हणून आपण स्वतंत्र आहोत असा दावा त्याने कोर्टात लावला. सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत. इथे जन्मले असले तरी नाही, गुलामगिरीतून सुटलेले असले तरी नाही.

पुढे यादवी युद्ध झालं. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. पण सुटका झालेली लाखो माणसं नेमकी कुठल्या देशाची, हा प्रश्न तसाच राहिला. १८६६ मध्ये अमेरिकन संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा केला की इथे जन्मलेले लोक नागरिक आहेत. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी या कायद्यावर नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो दोन तृतीयांश मतांनी मोडून काढला.

पण यातून काँग्रेसमधल्या लोकांच्या एक गोष्ट लक्षात आली. आज आपलं बहुमत आहे, उद्या नसेल. आज केलेला कायदा उद्याचं बहुमत रद्द करू शकतं. म्हणून त्यांनी हा हक्क थेट राज्यघटनेत घातला. १८६८ मध्ये १४वी घटनादुरुस्ती मंजूर झाली. तिचं पहिलंच वाक्य सांगतं की अमेरिकेत जन्मलेल्या आणि अमेरिकेच्या अधिकारक्षेत्राखाली असलेल्या सर्व व्यक्ती अमेरिकेच्या नागरिक आहेत.

म्हणजे ही तरतूद मुद्दामच सत्तेवर बसलेल्यांच्या हाताबाहेर ठेवली होती. आजच्या वादात हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

सगळा वाद कुठल्या शब्दांवर?

'अमेरिकेच्या अधिकारक्षेत्राखाली असलेल्या', या शब्दांवर.

परदेशी राजदूताचं मूल अमेरिकेत जन्मलं तर ते नागरिक होत नाही, कारण राजदूतावर अमेरिकेचा कायदा चालत नाही. शत्रूच्या सैन्याने एखादा भाग ताब्यात घेतला, तर त्या सैनिकांच्या मुलांचंही तेच. मूळनिवासी जमातींचाही अपवाद होता, कारण त्यांना स्वतंत्र राष्ट्रांसारखं मानलं जायचं. १८८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एल्क खटल्यात तसा निकालही दिला. त्यांना सरसकट नागरिकत्व मिळालं ते १९२४ च्या कायद्याने.

मग परदेशी आईबापांच्या इतर मुलांचं काय? हा प्रश्न १८६६ मध्ये सिनेटमध्येच विचारला गेला होता. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर एडगर कोवान यांनी विचारलं, मग काय चिनी लोकांची मुलंही नागरिक होणार? कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस यांनी उत्तर दिलं, हो, होणार आणि व्हावीत.

एक स्वयंपाकी, एक जहाज आणि १८९८ चा निकाल

वोंग किम आर्क हा सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला तरुण. व्यवसायाने स्वयंपाकी. १८९५ मध्ये तो चीनला जाऊन परत आला, तर अधिकाऱ्यांनी त्याला बंदरावर उतरूच दिलं नाही. तू अमेरिकन नाहीस, म्हणाले. त्याला कित्येक महिने बंदरातल्या जहाजांवरच डांबून ठेवलं.

तो काळ लक्षात घ्या. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी होती. चिनी लोकांना अमेरिकन नागरिकत्व मिळवायचा रस्ताच बंद केला होता. चिनी लोकांविरुद्ध देशात प्रचंड राग होता. तरीही १८९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की वोंग किम आर्क जन्माने अमेरिकन आहे. त्याचे आईबाप नागरिक होऊ शकत नव्हते, याने काही फरक पडत नाही.

गेली सव्वाशेहून जास्त वर्षं हाच निकाल चालत आलेला आहे.

ट्रम्प सरकारचं म्हणणं काय?

सरकारची बाजूही नीट समजून घ्यायला हवी.

सरकार म्हणतं, 'अधिकारक्षेत्राखाली' म्हणजे नुसतं कायदा पाळायला बांधील असणं नव्हे. त्या माणसाची निष्ठा या देशाशी हवी, त्याचं कायमचं बस्तान या देशात हवं. वोंग किम आर्कचे आईबाप त्याच्या जन्माच्या वेळी अमेरिकेत कायमचे राहत होते आणि निकालातही तसा वारंवार उल्लेख आहे. मग जे लोक बेकायदा आले किंवा थोड्या काळासाठी आले, त्यांना तो निकाल लागूच होत नाही. शिवाय १४वी घटनादुरुस्ती मुक्त झालेल्या गुलामांसाठी होती, पर्यटक म्हणून येऊन बाळंत होणाऱ्यांसाठी नव्हती.

विरोधकांचं उत्तर असं. घटनेत 'कायमचे रहिवासी' असे शब्द नाहीत. घालायचे असते तर १८६६ मध्येच घातले असते. बेकायदा राहणाऱ्या माणसाने गुन्हा केला तर अमेरिकेचं कोर्ट त्याला शिक्षा देतं, मग तो अधिकारक्षेत्राबाहेर कसा? १९८२ मध्ये बेकायदा राहणाऱ्यांच्या मुलांच्या शाळेबद्दलच्या प्लायलर खटल्यातही सुप्रीम कोर्टाने याच घटनादुरुस्तीतल्या 'अधिकारक्षेत्र' या शब्दाचा विचार केला होता. कायदेशीर आलेला आणि बेकायदा आलेला, असा फरक त्या शब्दातून निघत नाही, असं कोर्टाने नमूद केलं होतं.

आणि एक अडचणीचा प्रश्न. घटनेचा अर्थ पहिल्यापासून सरकार म्हणतं तसाच असेल, तर आदेश फक्त पुढे जन्मणाऱ्या मुलांनाच का लागू? मग आधी जन्मलेल्या लाखो लोकांचं नागरिकत्वही चुकीचंच ठरतं. आदेश तसं म्हणत नाही, पण युक्तिवाद तिथपर्यंत जाऊ शकतो.

पण राष्ट्राध्यक्षांना हा अधिकार आहे का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घटका भर धरून चाला की जन्माने नागरिकत्वाचा नियम जुना झालाय, बदलायला हवा. तरी तो बदलायचा कसा?

घटना बदलायची तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत लागतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी लागते. रस्ता अवघड आहे, पण तो मुद्दामच अवघड ठेवलाय.

शिवाय इथे फक्त घटना नाही, कायदाही आहे. नागरिकत्वाचं ते वाक्य काँग्रेसने १९४० च्या आणि पुन्हा १९५२ च्या कायद्यात जवळपास जसंच्या तसं घातलं. म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा आदेश घटनेच्या रूढ अर्थाशी भिडतो आणि काँग्रेसने केलेल्या कायद्याशीही भिडतो.

१९५२ मध्येच आणखी एक गोष्ट घडली होती. कोरियाचं युद्ध चालू होतं आणि पोलाद कामगार संपावर जाणार होते. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी आदेश काढून पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. कारण काही किरकोळ नव्हतं, युद्ध होतं. तरीही सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो आदेश रद्द केला. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी तेव्हा मांडलेलं सूत्र आजही शिकवलं जातं. राष्ट्राध्यक्ष काँग्रेसच्या साथीने वागतात तेव्हा त्यांची ताकद सगळ्यात जास्त असते, आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध वागतात तेव्हा सगळ्यात कमी.

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि आयर्लंडमध्येही पूर्वी जन्माने नागरिकत्व मिळायचं. ब्रिटनने ते १९८१ च्या कायद्याने बंद केलं, ऑस्ट्रेलियाने १९८६ मध्ये कायदा करून, आणि आयर्लंडने २००४ मध्ये सार्वमत घेऊन घटना बदलली. नियम बदलला, पण कुठेही तो एका माणसाच्या सहीने बदलला नाही.

भारताने काय केलं होतं?

हा वाद आपल्याकडेही झालाय आणि त्यात एक मराठी आवाज होता.

१९४७ मध्ये सरदार पटेलांनी संविधान सभेत सांगितलं होतं की नागरिकत्वाच्या दोन कल्पना जगात आहेत, एक व्यापक आणि एक संकुचित. भारताने व्यापक निवडावी. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाचं कलम चर्चेला आलं, तेव्हा अमरावतीचे पंजाबराव देशमुख उठले. भारताचं नागरिकत्व आपण फार स्वस्त करतोय, असा त्यांचा आक्षेप होता. नुसत्या जन्मावर नागरिकत्व देऊ नका, असं त्यांनी निक्षून मांडलं. सभेने त्यांचं म्हणणं स्वीकारलं नाही. १९५५ च्या कायद्यानेही भारतात जन्मलेल्या जवळपास प्रत्येकाला नागरिक मानलं.

पुढे मात्र भारत हळूहळू त्यांच्या बाजूला सरकला. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी कडक नियम आला. दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा.

हे बदल योग्य की अयोग्य, यावर मतं वेगळी असू शकतात. पण ते संसदेने केले. विधेयक आलं, चर्चा झाली, मतदान झालं. कारण आपल्या घटनेच्या कलम ११ ने नागरिकत्वाचा कायदा करायचा अधिकार संसदेला स्पष्ट शब्दांत दिलाय. अमेरिकेच्या घटनेने जन्माने नागरिकत्व थेट स्वतःच्या मजकुरात बांधून टाकलंय. म्हणून 'भारताने बदललं, मग अमेरिकेने का नाही' ही तुलना अर्धवट आहे.

मग कोर्टाने आतापर्यंत काय केलं?

आदेश निघताच २२ राज्यं कोर्टात गेली. अवघ्या तीन दिवसांत सिएटलचे न्यायाधीश जॉन कॉघेनॉर यांनी आदेश थांबवला. त्यांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी केलेली. त्यांनी हा आदेश उघडउघड घटनाबाह्य असल्याचं म्हटलं. मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्समधल्या कोर्टांनीही तो थांबवला.

मग सरकारने एक चतुर खेळी केली. सुप्रीम कोर्टात जाऊन त्यांनी आदेश घटनेला धरून आहे का, हे विचारलंच नाही. विचारलं एवढंच की एका जिल्ह्यातला न्यायाधीश साऱ्या देशासाठी आदेश कसा काय थांबवू शकतो?

२७ जून २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी लिहिलं की खटला न लढणाऱ्यांसकट सगळ्यांना लागू होणारे मनाई हुकूम देण्याचा अधिकार बहुधा या कोर्टांना नाही. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. अशा देशव्यापी मनाई हुकमांचा त्रास डेमोक्रॅटिक सरकारांनाही झालाय आणि त्यांनीही तक्रारी केल्यात.

पण न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी निकालपत्रात धोका दाखवून दिला. सरकारने घटनाबाह्य आदेश काढला, तर ज्याला वकील करणं परवडतं तो वाचेल. ज्याला परवडत नाही, त्याच्या बाळाचं काय?

रस्ता एक उरला होता, सामूहिक दाव्याचा. म्हणजे एकसारखा अन्याय झालेल्या सगळ्यांच्या वतीने काही जणांनी लढायचं. १० जुलैला न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी देशभरातल्या अशा बाळांचा एक गट मान्य केला आणि आदेश पुन्हा थांबवला. म्हणून आजतागायत हा आदेश एकदाही लागू झालेला नाही. हाच दावा आता सुप्रीम कोर्टात आहे. आणि या वेळी प्रश्न थेट आहे, आदेश वैध आहे की नाही?

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तीन गोष्टी

'असं नागरिकत्व फक्त अमेरिकाच देते.' चूक. कॅनडा, मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना धरून सुमारे ३० देश देतात. त्यातले बरेचसे अमेरिका खंडातले आहेत.

'बाळ झालं की आईबापांना ग्रीन कार्ड.' चूक. मूल २१ वर्षांचं झाल्याशिवाय आईबापांसाठी अर्जच करू शकत नाही. केला तरी बेकायदा आलेल्यांपुढे इतर अडथळे असतातच.

'आधी जन्मलेल्या मुलांचं नागरिकत्व जाणार.' आदेशात तसं नाही. सही झाल्यावर ३० दिवसांनंतर जन्मणाऱ्या मुलांबद्दलच तो बोलतो.

आदेश लागू झाला तर?

पहिला फटका अर्थात त्या मुलांना. पुणेकर जोडप्याच्या बाळाला भारताचं नागरिकत्व मिळू शकेल. त्यासाठी एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदणी करावी लागेल. पण अमेरिकेत जन्मलेल्या त्या बाळाला तिथेच राहायचं तर कुठल्या दर्जाने राहायचं? आदेशात याचं उत्तर नाही. आणि ज्यांच्या आईबापांचा देश त्यांना नागरिक मानायला तयार नसेल, अशी मुलं कुठल्याच देशाची राहणार नाहीत.

दुसरा फटका मात्र सगळ्यांना. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ३६ लाख बाळं जन्मतात. आज त्यातल्या प्रत्येकाचा जन्मदाखला हाच नागरिकत्वाचा पुरावा आहे. आदेश लागू झाला तर तो दाखला पुरणार नाही. बाळ जन्मलं त्या दिवशी आई कुठल्या व्हिसावर होती, वडील कोण, त्यांचे कागद कुठले, हे सगळं तपासावं लागेल. पिढ्यान्पिढ्या अमेरिकन असलेल्या घरालाही. आसाममध्ये एनआरसीच्या वेळी लोक आजोबा-पणजोबांचे कागद शोधत किती फिरले, ते आपण पाहिलंय. कागद हरवलेला असणं आणि नागरिक नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण खिडकीपलीकडच्या कारकुनाला त्या सारख्याच दिसतात.

तिसरी गोष्ट पुढची. सुप्रीम कोर्टाने आदेश मान्य केला, तर त्याचा अर्थ असा होईल की घटनेतल्या शब्दांचा शतकभर रुळलेला अर्थ राष्ट्राध्यक्ष आपल्या सहीने बदलू शकतात. आज ती सही ट्रम्प यांची आहे. उद्या दुसऱ्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाची असेल आणि ती बंदुकीच्या हक्कावर किंवा भाषणस्वातंत्र्यावर असेल. आज टाळ्या वाजवणारे तेव्हा काय म्हणतील?

निकाल येईल तेव्हा मथळ्यात 'ट्रम्प जिंकले' किंवा 'ट्रम्प हरले' एवढंच असेल. तुम्ही मात्र आत दोन गोष्टी शोधा. पहिली, कोर्टाने 'अधिकारक्षेत्र' या शब्दाचा अर्थ काय लावला. दुसरी, निकाल घटनेच्या आधारावर दिला की १९५२ च्या कायद्याच्या. कारण आदेश फक्त कायद्याच्या आधारावर रद्द झाला, तर उद्याची काँग्रेस तो कायदाच बदलायला बघेल आणि हा वाद पुन्हा उभा राहील. घटनेच्या आधारावर रद्द झाला, तर ३८ राज्यं एकत्र आल्याशिवाय कुणालाही त्याला हात लावता येणार नाही.